भांगेचे पान आणि भांगेचे बी

भांगेच्या बियांचे पीठ व तेल हल्ली 'पौष्टिक' म्हणून बंद डब्यांतून घरोघरी येऊ लागले आहे. ते खाऊन कोणास बाधा झाली, तर जाब कोणास विचारावयाचा?

नगर जिल्ह्यास हे झाड परके नव्हे. सरकारी कमिशनने १८९३-९४ साली ११९३ साक्षी घेऊन या पदार्थांची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील गांजा पिकविणाऱ्या जिल्ह्यांत नगरची गणना होती. (इंग्रजीत अंबाडी व ताग यांनाही 'हेंप'च म्हणतात, अंबाडीची भाजी मात्र कोणत्याही कायद्याच्या धाकावाचून खावी!) १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजे गांजा, निषिद्ध ठरविला, शेंड्यांवाचूनचे पान व बी त्यातून वगळले. पानाचा निर्णय त्या त्या राज्याकडे राहिला. उत्तर प्रदेश व राजस्थानात भांगेची परवान्याची दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून भांग बाळगणे, विकणे, सेवन करणे हा गुन्हा आहे. म्हणजे काशीस रीतसर विकत घेतलेली गोळी नगरच्या स्थानकावर उतरताच बेकायदा होते! धुळवडीस पाहुण्यांना भांगेची थंडाई पाजणाऱ्या यजमानांनी 'परंपरा आहे' असे म्हणून सुटण्याची आशा धरू नये.

बियांची गोष्ट निराळी. २०२१ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, तेल व पीठ यांस अन्न म्हणून मान्यता दिली. मादक द्रव्याच्या प्रमाणास मर्यादा घातली; वेष्टनावर पानाचे चित्र वा नशेची सूचना असता कामा नये, असेही बजाविले. हिरवे पान झळकविणारा डबा दिसला, तर दुकानदारास तेथेच प्रश्न करावा.

माल सदोष असला, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कारखानदार नुकसानभरपाईस बांधलेला असतो. कारखानदाराचा पत्ताच लागत नसेल, तर विक्रेत्यासही धरता येते. हीच तरतूद आम्हांस सर्वांत उपयोगाची वाटते, कारण असला पुष्कळ माल निनावी येतो. मात्र घेणाऱ्यानेच त्यात काही कालविले असेल, तर विक्रेता सुटतो. म्हणून डबा, पावती व वैद्यांचा कागद जपून ठेवावा आणि दोन वर्षांच्या आत अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी.