पंधरा दिवसांची माया

परदेशांतील ख्रिस्ती मंडळ्यांत गेल्या काही दशकांत एक प्रथा रूढ झाली आहे. सुट्टीच्या दिवसांत तरुण-तरुणींचे जथे दहा-पंधरा दिवसांसाठी दूरदेशीच्या अनाथालयांत जातात, भिंती रंगवितात, मुलांना गाणी शिकवितात, त्यांस कडेवर घेऊन छायाचित्रे काढवितात आणि डोळे पुसत परततात. आयुष्यातील ह्या पहिल्या 'मिशन'यात्रेचे वर्णन मग स्वतःच्या प्रार्थनामंदिरात मोठ्या भक्तिभावाने केले जाते.

हा विषय निघाला की आमच्या देवळाच्या सभामंडपात कपाळांवर आठ्या चढतात. 'धर्मांतर' हा एक शब्द उच्चारला की आमचा निवाडा पुरा झाला! आमचे म्हणणे असे की, हा आक्षेप खऱ्या दोषावर बोट ठेवीतच नाही. आणि म्हणूनच तो आम्हांस इतका सोयीचा वाटतो.

खरा दोष कोणता? ज्या मुलाची आई एकदा गेली, त्याला माया लावणारे नवे माणूस द्यावयाचे आणि पंधराव्या दिवशी तेही काढून घ्यावयाचे, हा. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली १३६ अनाथालयवासी बालकांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेवण्यात आली. ह्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. मुलास लागते ते न बदलणारे माणूस. पाहुण्यांची रांग नव्हे. शिवाय जगातील अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी पाचांत चौघांचे आई किंवा वडील हयात असतात, असे 'सेव्ह द चिल्ड्रन' ह्या संस्थेने २००९ साली दाखवून दिले. म्हणजे तेथे बव्हंशी अनाथ आहे ते दारिद्र्य! २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा स्वयंसेवा-पर्यटनाविषयी चिंता व्यक्त केली.

आता जुन्या पाद्र्यांकडे पाहा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे केंद्र १८२० साली उघडले. बेनन आणि स्मिथ ह्या तिच्या दोन धर्मोपदेशकांची नावे तेथील शाळेस मिळाली. त्यांच्या धर्मप्रसाराशी आमचा वाद आहे. पण त्यांनी येथील भाषा आपलीशी केली आणि उमेदीची वर्षे येथेच वेचली. पंडिता रमाबाईंशी आपल्या वाडवडिलांचे हाडवैर होते. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांनी केडगावी ठेवल्या, आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्या त्यांच्यापाशीच राहिल्या. त्यांच्याच शारदासदनात शिकलेल्या एका विधवेशी १८९३ साली विवाह करून धोंडो केशव कर्व्यांनी तीनच वर्षांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला आणि त्यापायी जन्म वेचला. धर्म भिन्न, पण मुक्काम सारखाच दीर्घ!

आणि आपण? चिरंजीवांचा वाढदिवस आला की बालकाश्रमास एका वेळचे जेवण द्यावयाचे, मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्यावयाची, जिलेबीच्या ताटासह छायाचित्र काढावयाचे आणि तासाभरात मोटारीत बसावयाचे. परदेशी पाहुणा निदान पंधरा दिवस तरी राहतो! मूल ज्या पंक्तीला बसते, तीत त्याला नकोसे वाटणारे काहीही आपणांस दिसत नाही. कारण आपण त्याच्याकडे पाहतच नाही, आपल्या पुण्याकडे पाहतो.

याहून कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर देवाच्या नावाने मुली सोडल्या जात होत्या. त्यांच्या पोटच्या लेकरांस बापाचे नाव नव्हते. १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९८२ साली कर्नाटकाने पुन्हा कायदा केला. ज्या प्रथेने ही मुले पोरकी केली, ती कोणा पाद्र्याने आणलेली नव्हती. देवळाच्या पायरीवर उभे राहून परक्या धर्माकडे बोट दाखविताना हे स्मरणात असावे.

मग करावे काय? दूर जाण्याची गरज नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामात राबणाऱ्या एखाद्या विधवेचे मूल वसतिगृहात न जाता तिच्याच मांडीवर वाढावे, एवढे साध्य झाले तरी ती खरी सेवा होय. 'मिशन वात्सल्य' योजनेत अशा मुलासाठी कुटुंबास दरमहा ४००० रुपये देण्याची सोय आहे. परंतु अर्ज, दाखले आणि कचेरीच्या खेपा त्या माऊलीस झेपत नाहीत. देवस्थानाने ते काम अंगावर घ्यावे. ज्यास खरोखरच कोणी नाही, त्याचे पालकत्व २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार आपल्यातील कुटुंबांनी पत्करावे. ह्या सीमाभागातील लेकरू घरी मराठी किंवा कोंकणी बोलते आणि बाजारात कन्नड ऐकते. त्याचे रडे ज्यास दुभाष्याशिवाय कळते, ते माणूस सातासमुद्रांपलीकडून येणार नाही.

वाचकहो, वार्षिक अन्नदानाची पावती फाडण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा: पुढच्या वर्षी हे मूल आम्हांस नावाने ओळखील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर आपण आणि तो पंधरा दिवसांचा पाहुणा एकाच नावेतील प्रवासी आहोत. फरक एवढाच की, त्याला परतण्यास विमान लागते. आपल्याला तेही लागत नाही.