खासगी पत्ता आणि सार्वजनिक पाटी

आपला पत्ता दुसऱ्यास देणें हें विश्वासाचें कृत्य आहे. घेणाऱ्यानें तो जपून वापरावा, ही अपेक्षा बोलून दाखविली नाहीं तरी त्या देण्यांतच असते. घराच्या पत्त्यास जें लागू, तेंच ई-मेलच्या पत्त्यासही लागू आहे. परंतु कित्येक माजी विद्यार्थी संघ, सोसायट्या व मंडळें यांच्या संकेतस्थळांवर सभासदांचीं नांवें व ई-मेलचे पत्ते यांच्या याद्या उघड्या मांडलेल्या आढळतात. सभासदांचा मेळ वाढावा, हा हेतु चांगलाच. तथापि ही प्रथा बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, ‘दारावर नांवाची पाटी लावतोंच कीं, मग ई-मेलच्या पत्त्याचें एवढें काय?’ पण पाटी वाचावयास मनुष्यास जिना चढून यावें लागतें. संकेतस्थळावरील यादी वाचावयास मनुष्य लागतच नाहीं. प्रत्येक पत्त्यांत, १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं योजिलेलें ‘अ‍ॅट’ हें चिन्ह असतें. तें हुडकीत रात्रंदिवस पानोपान हिंडणारे प्रोग्रॅम पत्ते टिपून नेतात, व अशा याद्यांचा पुढें व्यापार होतो.

याद्यांचा हा दुरुपयोग नवा नाहीं. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यावर गॅरी थर्क नामक विक्रेत्यानें सुमारें ४०० जणांस, कोणी न मागतां, एकच जाहिरात धाडली. ‘स्पॅम’ या उपद्रवाचा तो आरंभ मानितात. ते पत्ते घेतले होते त्या जाळ्याच्याच छापील यादींतून!

जाहिरातींचा त्रास एक वेळ सोसवेल; खरा धोका निराळा आहे. पाकिटाच्या मागें कोणीही कोणाचेंही नांव लिहावें, तसें ई-मेलवर पाठविणाऱ्याचें नांव खोटें घालणें फारसें अवघड नाहीं. चिटणीसांचें नांव व सभासदांचे पत्ते एकाच पानावर मिळाले, कीं ‘मी अडचणींत आहें, तांतडीनें पैसे पाठवा’ असें पत्र चिटणीसांच्या नांवें सर्वांस जाऊं शकतें. त्यास फसतो तो बहुधा मदतीस तत्पर असा भला सभासद.

मग उपाय काय? ‘अ‍ॅट’ हें चिन्ह अक्षरांत लिहिण्याची युक्ति आतां दुबळी झाली आहे. पत्त्याचें चित्र करून लावावें, तर अंध वाचकाचें वाचनयंत्र तें वाचूं शकत नाहीं. सर्वच झांकून ठेविलें, तर गरजूनें हांक मारावी कोणास? आमच्या मतें याचें उत्तर आपल्या जुन्या वाड्यांत सांपडतें. तेथें मोठा दरवाजा लावलेला असे, दिंडी उघडी असे, आणि देवडीवर माणूस बसलेला असे. तद्वत् संस्थेनें व्यक्तींचे पत्ते न देतां कार्यालयाचा एकच पत्ता द्यावा, अथवा निरोप लिहिण्याचा फॉर्म ठेवावा. आलेला निरोप पाहून तो योग्य सभासदाकडे चिटणीसांनीं पोंचवावा. चिटणीस बदलले तरी पत्ता बदलत नाहीं, हा आणखी एक लाभ. सभासदांची यादी ठेवावयाचीच, तर ती पासवर्डाच्या आड असावी, व तींत संमति देणाऱ्यांचींच नांवें असावींत. सर्वांस परिपत्रक धाडतांना पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यांत घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसत नाहीं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमति हवी, असें २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायदा सांगतो. परंतु कायद्याचा धाक नसता, तरीही दुसऱ्याची ठेव जपणें हें आपलें कर्तव्यच ठरलें असतें.

पालकांस आमची विनंति आहे, कीं आपापल्या संस्थेचें पान एकदां अवश्य उघडून पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, अशीं पानें तयार करण्याचें काम पुष्कळदां तुमच्याच हातीं येतें. यादी चढविण्यापूर्वीं तींतील प्रत्येकास विचारा. टिपला गेलेला पत्ता परत घेतां येत नाहीं. न टिपला जाईल अशी व्यवस्था मात्र तुम्हांस आधींच करितां येते.