साक्षीदार फुटला, न्यायाधीश बडतर्फ

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतील एका लहानशा काजूप्रक्रिया केंद्रात, विजेवर तापणाऱ्या बोर्म्यात काजूगर सुकत असताना आणि नियंत्रकाला ७० अंशांचा हुकूम असताना, आतल्या उष्णतेचा आकडा मात्र ६६ वरून, हीटरची वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरने ‘खट्’ करताच, ८१ वर उडी घेऊन पुन्हा खाली उतरत होता. एका ताटातले गर करपलेले, दुसऱ्यातल्यांची साल चिकटलेली. आणि मालक हताशपणे सांगत होते, ‘‘वर्षात दुसरा कंट्रोलर बसवला, पण रोग तोच.’’

रोग तोच राहणार होता. कारण साक्षीदार जबानी फिरवीत असता आपण न्यायाधीशाला बडतर्फ केले होते. नियंत्रकाचा निवाडा तापमान टिपणाऱ्या थर्मोकपलच्या साक्षीवर अवलंबून, आणि ‘के’ जातीच्या थर्मोकपलची ही साक्ष दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकी क्षीण. म्हणजे पंधरा अंशांची ती उडी एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान. अशी नाजूक तार २३० व्होल्टांच्या हीटरच्या तारांसमवेत एकाच नळीतून नेलेली, मध्येच साध्या तांब्याच्या तारेने लांबवलेली, आणि तिच्या टोकाचा स्क्रू खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडून सैल झालेला!

याची शहानिशा करण्यास फार मोठी विद्या लागत नाही. हीटर बंद करताच आकडा स्थिरावला, तर दोष वीजतारांच्या सान्निध्याचा. मुख्य वीज तोडून, थर्मोकपल सोडवून, त्याच्या जागी तारेचा छोटा तुकडा जोडून वीज पुन्हा दिली असता नियंत्रकाने खोलीचे तापमान शांतपणे दाखवले, तर तो निर्दोष. वितळत्या बर्फात शून्य आणि समुद्रकाठच्या रत्नागिरीत उकळत्या पाण्यात जवळजवळ शंभर, ही दोन फुकटची मापे तर प्रत्येक घरी आहेत.

अशी यंत्रे घेण्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना केंद्र सरकारच्या योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते, हे स्तुत्यच. परंतु यंत्रासोबत तारजोडणीचा मराठी नकाशा आणि एका पानाचे तपासणीपत्रक देण्याची शर्त विक्रेत्यावर घातल्याखेरीज त्या रकमेचा विनियोग पुरता झाला, असे मला वाटत नाही. रत्नागिरीच्या त्या काजूकेंद्रात शेवटी नवी तार वेगळ्या नळीतून ओढली, स्क्रू बदलला, आणि आकडा सत्तरापाशी स्थिर झाला. पहिला कंट्रोलर अजून फळीवर पडून आहे, निर्दोष.