योद्धा खरा, पण धंदा कोणता?

सुटीत हल्लीची मुले एका टेबलाभोवती तास न् तास बसतात. हार नाही, जीत नाही, तरी खेळ रंगतो! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ 1974 साली निघाला. एकजण कथा सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

पात्र घडवताना तलवार, चिलखत, मंत्रतंत्र भराभर ठरते. घोडे अडते ते एका प्रश्नाशी: या वीराला कारागिरी कोणती येते? 2014च्या नियमपुस्तकात कारागिरांच्या हत्यारांचे 17 संच आहेत. लोहार, सुतार, गवंडी, विणकर, कुंभार, अगदी स्वयंपाकीसुद्धा! आपल्या हातचे काम निघाले, की पहिल्या पायरीवर फाशाच्या दानात 2 मिळवायचे.

पुष्कळांचा हात आधी लोहारकीकडे जातो. वीराला तलवार हवी, तलवारीला लोहार हवा! पण जरा थांबावे. 2017च्या पुरवणी पुस्तकाप्रमाणे गवंड्याच्या नजरेला दगडी भिंतीतली चोरवाट सापडणे सोपे जाते. लाकूड कोरणारा विसाव्याच्या वेळात पाच बाण करून ठेवतो. स्वयंपाक्याच्या हातचे जेवून जखमी सोबत्यांना थोडी अधिक शक्ती येते. त्याची भांडीकुंडी एका सुवर्णमुद्रेत मिळतात; किमयागाराच्या सामानाला 50 मोजाव्या लागतात.

तरी हा हिशेब अर्धाच झाला. तलवार हाती येण्यापूर्वी हा माणूस पोट कशावर भरत होता? विणकराची मुलगी नव्या गावात शिरली, की आधी लोकांच्या अंगावरचे कापड पाहील. कारागिरी आली, की पात्राला घर येते, गुरू येतो, हाताला घट्टे येतात. नाहीतर तो नुसता तलवार लटकवलेला खांब!

आणि नवे हत्यार शिकायचे तर 2014च्या नियमांत 250 दिवस लागतात, रोज एक सुवर्णमुद्रा देऊन. राक्षस एका संध्याकाळी मरतो. रंधा मात्र तसा हाती येत नाही.

‘पुढे कोण होणार?’ असे आपण मुलांना विचारतो, तेव्हा आपल्या मनातल्या यादीत सुतार-गवंडी सहसा नसतात. या खेळात ते आहेत. म्हणून मुलाने ‘कोणते घेऊ?’ असे विचारले, तर फायद्याचे कोणते ते सांगू नये. ‘तुझ्या माणसाचे हात काय करतात?’ एवढेच विचारावे, आणि उत्तराला वेळ लागला तर लागू द्यावा.