सन्मान मातीचा, कारभार सिमेंटचा!

एखाद्या राष्ट्रीय नेत्याची अर्धांगिनी असत्या, तर डेलिया ऊर्फ दीदी काँट्रॅक्टर यांच्या नावाचा एखादा चौक, एखादे उद्यान, गेला बाजार एखादा बसथांबा तरी नाशकात झाला असता. पण त्या पडल्या एका अभियंत्याच्या पत्नी! अमेरिकेत जन्मलेली, चित्रकार आईबापांची ही लेक १९५१ साली पती नारायण काँट्रॅक्टर यांच्यासोबत भारतात आली आणि सुमारे दशकभर नाशिकच्या एकत्र कुटुंबात सून म्हणून नांदली. पुढे जुहू, मग हिमाचलातील कांगडा; आणि तेथे, वास्तुकलेची कोणतीही पदवी गाठीशी नसताना, स्थानिक गवंड्यांना हाताशी धरून त्यांनी कच्च्या विटा, बांबू, नदीतले गोटे आणि पाटीचा दगड यांतून घरे, दवाखाना, संस्थांच्या वास्तू उभ्या केल्या. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या सासरगावाने साधा उसासाही टाकला नाही.

दिल्लीला मात्र त्यांचे कर्तृत्व दिसले. २०१८ सालचा नारी शक्ती पुरस्कार या मातीच्या घरांसाठी त्यांना देण्यात आला. आणि त्याच दिल्लीची घरकुल योजना पेठ-सुरगाण्यातील आदिवासी बाईच्या दारी येते, कारवीच्या कुडावर तिने स्वतःच्या तळहातांनी सारवलेली शेणमाती पाहते आणि कागदावर शेरा मारते: ‘कच्चे’! गळक्या छपराला मदत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण व्यासपीठावर जी माती वंदनीय, तीच पाड्यावर दारिद्र्याचा दाखला कशी ठरते?

उत्तर सोपे आहे. अंगणातली माती निविदेत बसत नाही. तिला ठेकेदार लागत नाही, आणि जेथे ठेकेदार नाही तेथे टक्केवारीही नाही. म्हणून तर याच नाशकात गोदावरीच्या पात्रातील प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतण्याचा पराक्रम झाला आणि ते खरवडून काढा म्हणून नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. म्हणून तर पांढऱ्या मातीचे, सागवानी खांबांचे जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात कोसळतात, आणि कारभाऱ्यांना त्यावर नोटिशीपलीकडे उपाय सुचत नाही. १९७२च्या कायद्याने ‘वास्तुविशारद’ म्हणवण्यासाठी नोंदणी लागते, लागो बापडी! पण नोंदणीचा शिक्का मिरवणाऱ्यांनी गंगापूर रोडवर पश्चिमेच्या उन्हाला काचेच्या भिंती दिल्या, काचेआड जाड पडदे टांगले, पडद्याआड भरदिवसा दिवे लावले आणि या साऱ्याच्या उष्म्यावर उतारा म्हणून बाहेर एसीची खोकी लटकवली. याला म्हणे पक्के बांधकाम!

८ मार्चला फेटे बांधून नारीशक्तीचे गोडवे गाणारे, दुसऱ्या दिवशी त्याच नारीच्या हातच्या भिंतीवर बुलडोझर घालणारे, आणि सिंहस्थ जवळ आला की सिमेंटच्या गोण्या मोजताना ज्यांच्या चेहऱ्यावर तेज चढते ते सारे एकाच पंथाचे आहेत. त्यांना बाईचा फोटो हवा असतो. तिची अक्कल नको असते.

नाशिककर हे ढोंग ओळखून आहेत. तेव्हा सरकारला आमचे रोखठोक सांगणे आहे: तो पुरस्कार खरा असेल, तर मातीच्या भिंतीवरचा ‘कच्चे’ हा शेरा खोडा, आणि शेरा खरा असेल, तर त्या दिवंगत बाईची जाहीर माफी मागा.