‘सध्या घेत नाही’ : एका वाक्याचा कर्ता शोधताना

ज्यांच्याकडे आम्ही व्याकरण शिकलो ते आमचे सर निवृत्तीनंतर काकूंसह न्यू जर्सीत लेकीकडे राहावयास गेले. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहिलेल्या आणि पासष्टी ओलांडलेल्या माणसास मासिक हप्ता भरून मेडिकेअरमध्ये शिरता येते. त्याप्रमाणे सरांच्या हाती लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचे ते कार्ड आले. मग लेकीने घराजवळच्या दवाखान्यांस दूरध्वनी करण्यास आरंभ केला. जन्मतारीख विचारली जाई, विम्याचे नाव विचारले जाई, आणि त्यानंतर एकच वाक्य येई : आम्ही मेडिकेअरचे नवे रुग्ण सध्या घेत नाही.

सरांनी आम्हांस पत्रातून विचारले, ‘या वाक्याचा कर्ता कोण?’ प्रश्न त्यांच्या स्वभावास धरून होता, व्याकरणाचा होता. पण थट्टेचा नव्हता. वाक्यात ‘आम्ही’ आहे खरे. मात्र स्वागतकक्षातली मुलगी म्हणजे ते आम्ही नव्हे. आणि डॉक्टर तर दूरध्वनीवर येतच नाहीत. (हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, ‘आम्ही’ म्हटले की किती गोष्टी झाकता येतात, याची आम्हांस कल्पना आहे.)

अशा वेळी आपल्या वाङ्मयीन सवयी आड येतात. आपल्या कथाकादंबऱ्यांतला डॉक्टर बहुधा देवमाणूस तरी असतो किंवा कसाई तरी. म्हाताऱ्याला दारातून परत पाठवणारा डॉक्टर म्हटला की आपण त्यास चटकन दुसऱ्या खणात टाकतो आणि पुढचे पान उलटतो. आम्हीही प्रथम तेच केले. नंतर जे वाचले त्यामुळे तो निकाल तसाच ठेवता येईना. एक गोष्ट आधीच नमूद करावयास हवी की अमेरिकेतले बहुसंख्य डॉक्टर मेडिकेअर स्वीकारतात. मेडिकेअरमधून कागदोपत्री पूर्णपणे बाहेर पडलेले डॉक्टर शंभरात एकाच्या आसपास आहेत. दूरध्वनीवर ऐकू येणारा नकार निराळा. तो जुन्या रुग्णांना नसतो, कायमचा नसतो, आणि कोठे नोंदलेलाही नसतो. दवाखान्याने आपल्यापुरता आखलेला तो एक अलिखित कोटा असतो.

कोटा का? पहिले उत्तर हिशेबाचे आहे. १९८९ च्या कायद्यान्वये १९९२ पासून मेडिकेअर डॉक्टरांना ठरावीक दरपत्रकाप्रमाणे पैसे देते. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम शिआओ यांच्या अभ्यासावर ते उभे आहे. प्रत्येक कामाचे तीन भाग धरायचे : डॉक्टरचे श्रम, दवाखान्याचा खर्च आणि दाव्यांपासूनच्या विम्याचा खर्च. त्यांचे गुण मांडायचे, प्रदेशाप्रमाणे कमीजास्त करायचे आणि आलेल्या बेरजेला एका डॉलर-आकड्याने गुणायचे. हा गुणक २००१ साली ३८ डॉलर २६ सेंट होता. २०२५ साली तो ३२ डॉलर ३५ सेंट होता. चोवीस वर्षांत जागेचे भाडे, परिचारिकेचा पगार, कागदाचे रीमसुद्धा महागले. गुणक मात्र खाली आला. २०२६ साठी काँग्रेसने एका वर्षापुरती अडीच टक्क्यांची वाढ दिल्याने तो बहुतेकांसाठी ३३ डॉलर ४० सेंटवर पोचला, इतकेच. रुग्णालयांच्या दरांत दरवर्षी महागाईचा विचार होतो, डॉक्टरांच्या दरपत्रकात तशी तरतूद नाही. खाजगी विमा कंपन्या त्याच कामाचे सरासरीने जवळजवळ दीडपट देतात. वैद्यकीय शिक्षणाचे दोन लाख डॉलरच्या आसपासचे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या तरुण डॉक्टरने, दिवसातल्या मोजक्या भेटींपैकी किती कोणास द्यायच्या याचे गणित मांडले, तर त्यास आपण तरी कोणत्या तोंडाने नावे ठेवावी?

आकड्यापेक्षा अनिश्चितता अधिक छळते, असेही दिसते. १९९७ च्या कायद्याने खर्चवाढीला लगाम घालणारे एक सूत्र आणले. २००२ साली त्याप्रमाणे दर ४.८ टक्क्यांनी कापले गेले. त्यानंतर दरवर्षी सूत्र कपात सांगे आणि काँग्रेस ती पुढे ढकली. ढकललेली कपात साचत जाऊन २०१० च्या उन्हाळ्यात २१ टक्क्यांपर्यंत पोचली, काही दिवस लागूही झाली आणि मागे घेतली गेली. २०१५ साली ते सूत्रच रद्द झाले. तेरा वर्षे डोक्यावर टांगत्या तलवारीखाली काढलेल्या धंद्याने सरकारच्या शब्दावर भरवसा ठेवणे सोडले असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

तरीही हा हिशेब आम्हांस पुरा वाटत नाही. दर कमी आहेत ही तक्रार खरी. पण दर सर्वत्र सारखे कमी नाहीत. त्या दरपत्रकात हाताने केलेल्या कामाला कानाने केलेल्या कामापेक्षा अधिक मोल येत गेले. शिआओंचा हेतू नेमका उलटा होता. ऐकणे, विचार करणे, निदान करणे यांना त्यांचे मोल मिळावे म्हणूनच तो खटाटोप होता. परंतु कोणत्या कामाला किती गुण द्यावेत याची शिफारस १९९१ पासून अमेरिकन मेडिकल असोसिएशनची एक समिती करीत आली आहे, तीत विशेषज्ञांचा भरणा आहे, आणि सरकार तिच्या बहुतेक शिफारशी मानत आले आहे. परिणाम असा की नळी घालून आतडे पाहणे परवडते. आतडे का बिघडले याची हकीकत ऐकणे परवडत नाही.

आणि म्हातारा माणूस म्हणजे हकीकतच. आमच्या सरांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, एका कानाने कमी ऐकू येते, इंग्रजी उत्तम पण कानाला परके. गोळ्या कोणत्या, हे सांगताना त्या पुण्यात कोणी व कधी दिल्या इथपासून सुरुवात. वीस मिनिटांच्या भेटीत ते प्रस्तावनाच संपवतील! आपण साहित्याची माणसे कथनाचे गोडवे गातो, त्यावर चर्चासत्रे भरवतो. पण वेळ विकत घेतल्याशिवाय कथन ऐकले जात नाही, आणि इथे वेळेचा भाव सरकार व डॉक्टरांची समिती यांनी मिळून ठरवला आहे. दूरध्वनीवर जो नाकारला जातो तो विमा, असे दिसते. आमच्या मते नाकारली जाते ती लांबलेली हकीकत.

आता कर्त्याकडे वळू. डॉक्टरला नाही म्हणण्याचा अधिकार आला कोठून? आपत्कालीन विभागास दारी आलेला रुग्ण तपासल्यावाचून हाकलता येत नाही, असा कायदा १९८६ पासून आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरवर नवा रुग्ण घेण्याचे बंधन नाही. या स्वातंत्र्याची मुळे मेडिकेअरच्या जन्मात आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ साली साऱ्या देशासाठी आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. पुढे केवळ वृद्धांपुरती योजना निघाली तेव्हाही संघटनेचा विरोध कायम होता. १९६१ साली तिने रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली, आणि डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवीत. अखेर ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी ट्रूमन यांच्याच गावी जाऊन कायद्यावर सही केली व पहिले कार्ड ट्रूमन यांना दिले. परंतु त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात ग्वाही होती की वैद्यकीच्या व्यवसायात सरकार ढवळाढवळ करणार नाही.

ही तडजोड नसती तर कायदाच झाला नसता, हे आम्ही मान्य करतो. त्याच कायद्याच्या जोरावर, मेडिकेअरचे पैसे हवेत तर वर्णभेद सोडा, असे सांगून १९६६ साली दक्षिणेकडील रुग्णालयांची दारे काळ्या नागरिकांना उघडली गेली, हेही विसरता येत नाही. पण तडजोडीचा अर्थ नीट वाचला पाहिजे. सरकारने वृद्धास बिल भागवण्याचे वचन दिले. डॉक्टरचे वचन दिले नाही, कारण ते त्याच्या हातीच नव्हते. सरांच्या खिशातल्या कार्डावर हक्क आहे, पण तो पुरा करण्याचे कर्तव्य कोणा एका माणसावर लिहिलेले नाही. ‘सध्या घेत नाही’ या वाक्याला कर्ता सापडत नाही तो यामुळे.

म्हणून का डॉक्टर सुटले? आमचे मत तसे नाही. कोटा आखावा लागतो, तर तो आखणाऱ्याने दारावर लावावा. आणि नाही म्हणताना जवळपास कोण घेतो तेवढे तरी सांगावे. दर वाढावेत, ऐकण्याच्या कामाचे गुण तर वाढावेतच. परंतु ते वाढेपर्यंत मौनाआड लपण्याचा परवाना आम्ही देऊ इच्छित नाही.

सरांना अखेर पाऊण तासाच्या अंतरावर एक प्रौढ डॉक्टरीणबाई मिळाल्या. मधुमेहाचा प्रश्न मिटला. परंतु गेल्या वर्षी काकू गेल्या आणि सरांची झोप उडाली. बाईंनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले, तेव्हा पुन्हा तोच खेळ सुरू झाला. मेडिकेअरमधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांत सर्वाधिक भरणा मानसोपचारतज्ज्ञांचाच. त्यांच्यातले शंभरात सात-आठ असे बाहेर आहेत. ज्यांचे सारे कामच ऐकण्याचे, तेच प्रथम बाहेर पडावेत यात नवल नाही.

यातले एक सरांना भेटावयास तयार झाले, पण आधी करारनाम्यावर सही हवी. १९९८ पासून असे करार करता येतात. त्यात रुग्णाने लिहून द्यायचे असते की पैसे मी पदरचे भरीन, दर किती असावा यावर मेडिकेअरची मर्यादा लागू नाही हे मला ठाऊक आहे, आणि या बिलासाठी मी मेडिकेअरकडे दाद मागणार नाही. सरांनी त्याची प्रत आम्हांस पाठवली आहे. समासात पेन्सिलीने त्यांचे बारीक अक्षर आहे : ‘इथे मात्र प्रत्येक वाक्याचा कर्ता स्पष्ट आहे. मी.’ सही अजून केलेली नाही.