अनुवादकाची कमाई: दराआधी अटी

चार अनुवादक एकत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सध्या शब्दाला काय रेट चालू आहे? प्रश्न रास्त आहे, कारण घर त्यावरच चालते. पण दर सारखा असूनही दोन अनुवादकांच्या वर्षाच्या मिळकतीत मोठी तफावत पडू शकते. शब्द मूळ मजकुराचे मोजले की अनुवादाचे, दुरुस्तीच्या फेऱ्यांचे पैसे मिळाले का, बिल किती महिन्यांनी जमा झाले आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे राहिले, या चार गोष्टी दराइतक्याच, कधी कधी दरापेक्षाही जास्त, कमाई ठरवतात. आपण दरावर घासाघीस करतो आणि या चार गोष्टी मोघम सोडून देतो. नुकसान तिथे होते.

मुंबईत फोर्टपासून दादरपर्यंतच्या पट्ट्यात अनुवादाची जेवढी विविध कामे मिळतात तेवढी महाराष्ट्रात क्वचितच कुठे मिळत असतील. फोर्टातल्या वकिलांकडून सातबारा, मृत्युपत्रे, जुनी खरेदीखते येतात. त्यांचा हिशेब बहुधा पानावर होतो. लोअर परळच्या जाहिरात संस्था ‘जॉब’वर पैसे देतात, एका ओळीसाठी दहा पर्याय मागवले तरी जॉब एकच धरतात. गिरगाव, दादर, प्रभादेवीचे प्रकाशक एकरकमी मानधन किंवा रॉयल्टी देतात. परळच्या रुग्णालयांतल्या संशोधनाची कागदपत्रे शब्दांवर मोजली जातात. आता पुनर्विकासामुळे आणखी एक काम वाढले आहे. चाळीतल्या भाडेकरूंसमोर इंग्रजी करारनामा येतो आणि सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचायला मिळावा, अशी त्यांची इच्छा असते. त्या करारनाम्यात एक कलम चुकले तर एका कुटुंबाच्या घराचा प्रश्न उभा राहतो. तरीही हे काम ‘मराठीच तर करायचे आहे’ म्हणून सर्वांत स्वस्तात मागितले जाते.

या शहरात अनुवादाला नेहमीच असा सुटा भाव नव्हता. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शाळापुस्तकांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ मराठीत आणल्या. दोन्ही पुस्तके १८२८ सालची. त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर त्याच मंडळीच्या सेवेत होते. म्हणजे मुंबईतल्या मराठी अनुवादाची पहिली पिढी पदावर राहून, नेमून दिलेले काम म्हणून पुस्तके तयार करत होती. न्यायालयांत आणि सरकारी कार्यालयांत अनुवादकाची पगारी पदे आजही आहेत. पण आपल्यापैकी बहुतेकांचे काम सुटे आहे आणि सुट्या कामात प्रत्येक अट स्वतःलाच ठरवून घ्यावी लागते.

पहिली अट मोजणीची. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘घरासमोर’ हा आपल्याकडे एक शब्द. इंग्रजीत तेच सांगायला पाच शब्द लागतात. त्यामुळे हजार शब्दांचा इंग्रजी मजकूर मराठीत बहुधा हजारापेक्षा बऱ्याच कमी शब्दांत बसतो. इंग्रजीतून मराठीत काम करताना ‘झालेल्या अनुवादाचे शब्द मोजू’ हे मान्य केले, की दर न बदलता मोबदला कमी होतो. मराठीतून इंग्रजीत जाताना हिशेब उलटा होतो. म्हणून दर सांगताना ‘मूळ मजकुराच्या शब्दावर’ किंवा ‘अनुवादाच्या शब्दावर’ हे त्याच वाक्यात यायला हवे. हस्तलिखित किंवा अस्पष्ट झेरॉक्स असेल तर शब्द आधी मोजताच येत नाहीत. तिथे पानाचा किंवा तासाचा दर घ्यावा. मोडीतले दस्तऐवज असतील तर वाचन आणि लिप्यंतर हे वेगळे काम आहे. त्याचे बिलही वेगळे असावे.

दुसरी अट कामाच्या व्याप्तीची. तिचे महत्त्व परळच्या संशोधनाच्या कामात फार स्पष्ट दिसते. नव्या औषधाची चाचणी होते, तेव्हा सहभागी रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतिपत्र देणे २०१९ च्या नवीन औषधे आणि चिकित्सा चाचणी नियमांनुसार बंधनकारक आहे. अनुवादक ते मराठीत करतो. मग दुसरा अनुवादक, मूळ मजकूर न पाहता, ते पुन्हा इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहतात, फरकांची यादी येते आणि मराठी मजकूर दुरुस्त होतो. नंतर अनुवादक सही करून प्रमाणपत्र देतो आणि कागद नैतिकता समितीपुढे जातो. प्रत्येक प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. काही महिन्यांनी चाचणीच्या आराखड्यात बदल होतो आणि ईमेल येते: ‘तीनच ओळी बदलल्या आहेत, तेवढे करून द्या.’ त्या तीन ओळी नीट बसवायच्या तर सगळे संमतिपत्र पुन्हा वाचावे लागते, पूर्वी वापरलेल्या संज्ञा जुळवाव्या लागतात, नवी आवृत्ती आणि नवे प्रमाणपत्र द्यावे लागते. शब्दांच्या हिशेबात हे काम चाळीस-पन्नास शब्दांचे. वेळेच्या हिशेबात अर्ध्या दिवसाचे. म्हणून किमान आकार ठरवून घेणे, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत ते लिहिणे आणि प्रमाणपत्राचे शुल्क वेगळे दाखवणे, ही या क्षेत्रातली प्राथमिक शिस्त झाली पाहिजे.

या क्षेत्रात दर बरा मिळतो, कारण चुकीची किंमत मोठी असते आणि ते काम येणारी माणसे थोडी असतात. वैद्यक, कायदा, पेटंट, वित्त या विषयांना हेच लागू आहे. नुसत्या भाषाज्ञानाचा भाव वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो. भाषेला विषयाची जोड मिळाली की तो हलतो. तरुण अनुवादकांना आमचे सांगणे आहे की सगळ्या प्रकारची कामे घेत राहण्यापेक्षा दोन विषय निवडावेत आणि त्यांतली संज्ञासूची स्वतः तयार करावी. हा वेळ कोणत्याही बिलात येत नाही, पण पुढच्या प्रत्येक बिलात दिसतो.

साहित्याच्या अनुवादाचा हिशेब मात्र कठीण आहे आणि तो आकड्यांत मांडलेला बरा. समजा, एका कादंबरीचे ८०,००० शब्द आहेत. छापील किंमत ४०० रुपये, आवृत्ती हजार प्रतींची, अनुवादकाची रॉयल्टी ५ टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर अनुवादकाला २०,००० रुपये मिळतील, म्हणजे शब्दाला २५ पैसे. पहिला खर्डा, पुनर्लेखन आणि प्रुफे मिळून ८० दिवस धरले तर दिवसाला २५० रुपये पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. प्रकाशकाचे गणितही तंग असते हे आम्ही जाणतो: कागद, छपाई, विक्रेत्याचे कमिशन आणि मूळ लेखकाच्या अनुवादहक्काचे पैसे यांतून उरणारे थोडे असते. पण ते गणित जुळवताना दर वेळी अनुवादकाचाच वाटा आखडता घ्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

इथे तिसरी अट येते, हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मूळ लेखकाच्या परवानगीने केलेल्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून केलेला अनुवाद, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. सुट्या कामाचे तसे नसते. करारात वेगळे लिहिले नसेल तर पहिला हक्क अनुवादकाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. एकरकमी पैसे घेऊन ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली सही करणारा अनुवादक पुढच्या आवृत्त्या, ई-पुस्तक, ऑडिओबुक, पाठ्यपुस्तकातला वेचा या सगळ्यांवर पाणी सोडतो. एकरकमी घ्यायचेच असेल तर एका आवृत्तीपुरते किंवा ठरावीक वर्षांपुरते घ्यावे आणि बाकीची माध्यमे वेगळी ठेवावीत. युनेस्कोने नैरोबीत १९७६ साली अनुवादकांच्या संरक्षणाबाबत शिफारस मंजूर केली. तिच्यातही लेखी करार, न्याय्य मोबदला आणि कराराबाहेरच्या वापरासाठी जादा पैसे यांचा आग्रह आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा हा मजकूर आपल्या करारांत अजून उतरायचा आहे.

अनुवादकाचा वाटा किती मानायचा याबद्दल मोठ्या संस्थांचेही एकमत नाही.  साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार १ लाख रुपयांचा आणि अनुवाद पुरस्कार ५० हजारांचा. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचे ५०,००० पौंड मात्र २०१६ पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. २०२२ मध्ये गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, २०२५ मध्ये बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना ते तसे मिळाले. अकादमीनेही आपल्या दोन पुरस्कारांतली ही तफावत दूर करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

आता यंत्राचा प्रश्न. एजन्सीकडून येणाऱ्या कामात यंत्राने केलेला मराठी अनुवाद तपासून देण्याचे काम, म्हणजे पोस्ट-एडिटिंग, वाढते आहे आणि त्याला नेहमीच्या दराचा काही हिस्साच देऊ केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ ही यंत्रानुवादाची प्रणाली आणली, केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’. ही साधने राहणार आहेत. प्रश्न त्यांच्यामुळे वाचणारा वेळ कोणाच्या खिशात जातो हा आहे.

गिरणगावाने हा प्रश्न पूर्वी पाहिलेला आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशी मालकांची योजना होती. एप्रिल ते ऑक्टोबर कामगार संपावर होते. संपाच्या मुळाशी जी कारणे होती त्यांत ही योजना ठळक होती. विणकराची मजुरी कामाच्या मापावर असे. सूत कच्चे असले की धागा वारंवार तुटे, साचा थांबे आणि मजुरी विणकराची बुडे. यंत्राने दिलेल्या वाईट मराठीचे असेच आहे. मजकूर चांगला आला तर काम झपाट्याने होते. वाईट आला तर प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा लिहावे लागते, आणि दर मात्र ‘तपासणी’चाच राहतो. म्हणून पोस्ट-एडिटिंगचा सरसकट टक्का मान्य करू नये. आधी दोन पाने नमुना मागावा, ती घड्याळ लावून करून पाहावीत आणि तासाचा दर सांगावा. पोस्ट-एडिटिंगसाठी आयएसओ १८५८७ हे मानक २०१७ पासून आहे. काम त्या मानकानुसार हवे की नुसते कळण्यापुरते, हेही आधी विचारावे, कारण दोन्हींना लागणारा वेळ वेगळा असतो.

चौथी अट वसुलीची. सहा महिन्यांनी मिळालेले पैसे हे कमी मिळालेले पैसेच असतात. सुटे काम करणारा अनुवादक ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा.

हे सगळे एकेकट्याने करणे अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. गिरणी कामगारांना युनियन बांधून मजुरी ठरवता येत होती. स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने किमान दर बांधणे २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली अडचणीचे ठरू शकते. पण चांगल्या कराराचा नमुना सर्वांनी वापरणे, मोजणीची पद्धत एकसारखी ठेवणे, फुकट ‘टेस्ट’ची मर्यादा प्रत्येकाने आपापली आखून घेणे आणि नव्याने आलेल्या सहकाऱ्याला या गोष्टी समजावून सांगणे, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. दर लपवून ठेवण्याची सवय आपल्याला महाग पडली आहे. शेजारच्याला काय मिळते हे ठाऊक नसले की समोरचा जे सांगेल तोच बाजारभाव ठरतो.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. गेल्या वर्षी झालेल्या आपल्या कामांपैकी तीन कामांचा प्रकार, मोजणी, मिळालेली रक्कम, लागलेले तास आणि पैसे मिळायला गेलेले दिवस आम्हाला लिहून कळवा. आपले किंवा ग्राहकाचे नाव आम्ही छापणार नाही. आणि पुढचे काम, ते कितीही लहान असो वा कितीही ओळखीच्या माणसाचे असो, मोजणी, व्याप्ती, हक्क आणि पैशाची तारीख या चार गोष्टी ईमेलवर लिहून घेतल्याशिवाय सुरू करू नका.